फलक आणि वही

शहरातील कोणत्याही सहकारी इमारतीत शिरा. जिन्यालगत किंवा लिफ्टच्या शेजारी, टपालपेट्यांच्या रांगेवर, काचेचे दार असलेली एक उथळ पेटी भिंतीवर दिसेल. तिच्यात टाचण्यांनी लावलेले कागद असतात. टाकी धुवायची असल्यामुळे गुरुवारी दुपारी पाणी येणार नाही. लिफ्टची दुरुस्ती होईपर्यंत रहिवाशांनी सहकार्य करावे. ओला कचरा व सुका कचरा वेगळा ठेवावा. कुंड्यांचे पाणी खालच्या मजल्यावर पडू देऊ नये. वार्षिक सर्वसाधारण सभा अमुक दिवशी गच्चीवर भरेल. गणसंख्येअभावी तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल. हे वाङ्मय कोणी आवडीने वाचत नाही. परंतु शंभर-दीडशे माणसांचे एकत्र राहणे त्याच्यावाचून चालत नाही, हेही खरे आहे.

याच पेटीत पुष्कळ इमारतींमध्ये आणखी एक कागद लावलेला असतो. त्यावर सदनिकांचे क्रमांक, त्यांसमोर नावे आणि नावांसमोर रकमा. वर ठळक अक्षरांत शीर्षक : थकबाकीदारांची यादी. या कागदाविषयी आपण क्वचितच विचार करतो. ज्यांची नावे त्यावर नसतात ते समाधानाने पुढे जातात. ज्यांची असतात ते मान खाली घालून पुढे जातात. प्रस्तुत लेखाचा विषय हा एवढासा कागदच आहे. एखाद्याच्या देण्याची गोष्ट खरी असली, म्हणून ती चारचौघांच्या वाटेवर टांगण्याचा अधिकार आपल्याला मिळतो काय? आणि तो अधिकार नाकारला, तर जे नेमाने पैसे भरतात त्यांच्यावर होणाऱ्या अन्यायाचे काय?

प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला युद्ध आणि शांती यांचे निर्णय कधी येत नाहीत. आपल्या सद्सद्विवेकबुद्धीची परीक्षा होते ती जिन्यावर, पाण्याच्या पंपापाशी आणि समितीच्या बैठकीत.

सहकाराचे मूळ

आरंभी सहकार म्हणजे काय, हे थोडे आठवून पाहू. इंग्लंडमधील रॉचडेल या गावी १८४४ साली काही कामगारांनी एकत्र येऊन आपले दुकान काढले. पुढे जर्मनीत फ्रीडरिश रायफायझन यांनी कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी गावोगावी पतसंस्था उभारल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातील अशा संस्थांचा अभ्यास करावयास सांगितले. त्याने आपल्या अहवालात रायफायझन यांच्याच मार्गाचा पुरस्कार केला आणि १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. १९१२ च्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर संस्थांनाही वाट मोकळी झाली. मुंबईत गावदेवी येथे श्रीपाद सुब्राव तल्माकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली, आणि तीनच वर्षांनी, १९१८ साली, वांद्रे येथे साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. प्लेगच्या साथीने आणि दाटीवाटीच्या वस्तीने गांजलेल्या मुंबईत मोकळ्या हवेची घरे मिळावीत आणि ती रहिवाशांनी स्वतः सांभाळावीत, ही त्या काळाची आकांक्षा होती. आज १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली राज्यात एक लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था नोंदलेल्या आहेत.

रायफायझन यांच्या योजनेचा एक विशेष येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यांची संस्था एका लहानशा गावापुरती असे. कारण कर्ज देणारे आणि घेणारे परस्परांना ओळखत असले पाहिजेत, हा तिचा पायाच होता. कोणी किती घेतले आणि किती फेडले, हे सभासदांना ठाऊक असे. पण त्याबरोबरच कोणाचा बैल मेला, कोणाच्या शेतावर गारा पडल्या, कोण पैसे पिण्यात उडवतो, हेही त्यांना ठाऊक असे. थकबाकी आणि तिचे कारण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळत. म्हणून सवलत कोणाला द्यावी आणि तगादा कोणाला लावावा, हे ठरवणे त्यांना शक्य होई.

आपल्या इमारतींनी सहकाराचा कायदा घेतला. ओळख मात्र मागेच राहिली. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, हे आपल्याला कळत नाही. परंतु तिसऱ्या मजल्यावरील डावीकडच्या सदनिकेची थकबाकी एकूण किती, हे रुपयांपर्यंत ठाऊक असते. आपल्याला थकबाकी कळते, दुष्काळ कळत नाही. यादीचा पहिला दोष येथे आहे.

एका यादीतील तिघे

उदाहरणादाखल अशी कल्पना करू, की यादीत तीन नावे आहेत आणि तिघांचीही थकबाकी सारखीच, छत्तीस हजार रुपये आहे. पहिले नाव एका विधवेचे. पती वारल्यानंतर निवृत्तिवेतन निम्मे झाले, मुलाच्या कॉलेजची फी आधी भरावी लागली आणि देखभाल खर्च महिन्यामागून महिना मागे पडला. दुसरे नाव अशा गृहस्थाचे, की ज्याने सदनिका भाड्याने दिली आहे. भाडे नेमाने येते, पण 'बघू पुढच्या महिन्यात' याखेरीज त्याच्याकडून काही येत नाही. तिसरा वरच्या मजल्यावरचा. गच्चीतून त्याच्या छतात चार पावसाळे पाणी झिरपते आहे, अर्ज देऊन तो थकला, आणि शेवटी संतापाने त्याने पैसे भरणे थांबवले. वर्गणी रोखण्याचा त्याचा मार्ग चुकीचा असेल, पण त्याची तक्रार खोटी नाही.

एकाला जमत नाही, दुसऱ्याला द्यायचे नाही, तिसऱ्याचे भांडण आहे. माणूस म्हणून आणि दोष म्हणूनही या तीन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. फलकाला मात्र तिघे सारखेच. तिघांची नावे एकाच शीर्षकाखाली, एकाच टाइपात. यादीतील प्रत्येक अक्षर खरे असते. तरीही ती वाचून दूधवाल्याच्या, कुरिअर घेऊन येणाऱ्या मुलाच्या, मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या मनात जे चित्र उभे राहते, ते खोटे असते. खऱ्या शब्दांनी खोटे चित्र रंगवता येते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

'कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ' १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठव्या आज्ञेचे विवरण करताना दुसऱ्याच्या नावलौकिकाविरुद्ध घडणारी तीन पापे वेगवेगळी सांगितली आहेत : पुरेशा आधाराविना मनातल्या मनात केलेला उतावळा निवाडा, खोटा आळ, आणि या दोहोंच्या मध्ये उभी असलेली परनिंदा, म्हणजे दुसऱ्याचा खरा दोष, रास्त कारण नसताना, ज्यांना तो ठाऊक नव्हता अशांना सांगणे. आपल्याकडे समज असा, की गोष्ट खरी असली म्हणजे ती बोलण्यात पाप नाही. 'मी काय खोटं सांगतोय?' हे वाक्य आपण दिवसातून दहा वेळा ऐकतो. परंतु ख्रिस्तसभेची शिकवण याहून सूक्ष्म आहे. खरे बोलणे पुरेसे नाही. ते कोणाला, कशासाठी आणि कोणत्या अधिकाराने सांगितले, हेही विचारले जाईल. थकबाकीदारांची यादी हा खोटा आळ नव्हे, हे मान्य. मात्र रस्त्यावरून आत येणाऱ्या प्रत्येकाला ती वाचायला दिली, तर ती परनिंदेच्या अगदी जवळ जाते. आणि वाचणाऱ्याला उतावळ्या निवाड्याचे आमंत्रण देते ते निराळेच.

दुसरी बाजू

तथापि येथेच थांबून दयेचे प्रवचन करणे सोपे आणि अन्यायाचे होईल. खजिनदाराच्या खुर्चीत बसून पाहिले, म्हणजे दुसरी बाजू दिसते. चोवीस सदनिकांची इमारत आहे आणि प्रत्येकाला महिना तीन हजार रुपये द्यावयाचे आहेत, असे धरू. एकूण बहात्तर हजार. त्यांपैकी सहा जणांनी हात आखडता घेतला, तर महिन्याला अठरा हजारांची तूट येते. पालिकेचे पाण्याचे देयक सदनिकेच्या नावाने येत नाही, ते साऱ्या इमारतीचे एकच येते. पंपाची वीज, लिफ्टचा करार, जिन्यातले दिवे, यांतले काहीही सहा घरांपुरते बंद ठेवता येत नाही. म्हणजे उरलेल्या अठरा घरांनी प्रत्येकी आणखी हजार रुपये घालावयाचे. आणि त्या अठरांतही एखादी विधवा असतेच, जी पोटाला चिमटा घेऊन वेळेवर पैसे भरते. तिच्यावरील अन्यायाची यादी कोणत्याच फलकावर लागत नाही.

शिवाय तूट सर्वांना सारखी सोसावी लागत नाही. पैसे कमी पडले की पहिल्यांदा लांबतो तो पहारेकऱ्याचा आणि जिने झाडणाऱ्या बाईचा पगार. लिफ्ट बंद पडली की तरुण माणसे कुरकुरत चढून जातात. पाचव्या मजल्यावरच्या गुडघेदुखीच्या आजी मात्र घरातच कोंडल्या जातात आणि त्यांची रविवारची मिस्सा चुकते. संत याकोबाने आपल्या पत्रात मजुरांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश देवापर्यंत पोहोचतो, असे बजावले आहे. तेव्हा ज्याला देणे शक्य असून तो देत नाही, त्याने केवळ 'सोसायटीचे' पैसे बुडवले असे नाही. सोसायटी नावाची कोणी श्रीमंत बाई गच्चीवर राहत नाही. त्याने पहारेकऱ्याचे, आजींचे आणि शेजाऱ्याचे पैसे अडवले आहेत.

समितीवर काम करणाऱ्यांची व्यथाही खरी आहे. दिवसभराची नोकरी आणि लोकलचा प्रवास करून आलेला माणूस रात्री जेवण झाल्यावर पावत्या फाडतो, मोबदला घेत नाही आणि वर 'तुम्ही किती खाल्ले?' असा प्रश्न ऐकतो. तीन स्मरणपत्रे देऊन झाल्यावर त्याने चिडून नावे फलकावर लावली, तर त्याला दुष्ट म्हणता येणार नाही. त्याला दुसरा मार्ग कोणी दाखवलेला नसतो, एवढेच.

लाज कोणाला वाटते?

नावे लावण्याच्या समर्थनार्थ सर्वांत मोठा युक्तिवाद असा : 'लाज वाटल्याशिवाय पैसे बाहेर पडत नाहीत.' यात अनुभवाचा अंश आहे. परंतु लाज कोणाला वाटते, याचा हिशेब मांडून पाहावा. आपल्या वरच्या उदाहरणातील भाडे खाणारा गृहस्थ त्या इमारतीत राहतच नाही. यादी लागली काय आणि न लागली काय, त्याच्या झोपेत फरक पडत नाही. गळक्या छताचा धनी यादी पाहून अधिक संतापतो आणि आणखी एक वर्ष पैसे रोखतो. उरली ती विधवा. ती त्या दिवसापासून लिफ्टने येणे सोडून अंधार पडल्यावर जिन्याने येते. मुलाचे मित्र घरी येऊ नयेत म्हणून काहीतरी सबब सांगते. शेवटी गळ्यातले मोडून पैसे भरते. पैसे आले, म्हणून समिती म्हणते, उपाय लागू पडला.

लागू पडला, पण कोणावर? ज्याचा दोष सर्वांत कमी, त्याला शिक्षा सर्वांत जास्त. ज्याचा दोष सर्वांत मोठा, त्याला शिक्षा मुळीच नाही. जी शिक्षा अपराधाच्या उलट्या प्रमाणात बसते, तिला न्याय म्हणता येईल काय? जाड कातडीवर काठी मारली तर आवाज मोठा होतो. वळ उठतो तो कोवळ्या कातडीवर.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात बंधुभावाने चूक दाखवण्याच्या कर्तव्याची चर्चा केली आहे. उघड बोध करण्यापूर्वी एकांतात बोध करणे आवश्यक आहे काय, असा प्रश्न ते विचारतात आणि दोषांचे प्रकार पाडतात. जे पाप मुळातच जगजाहीर आहे त्याचा निषेध उघडपणे करावा. जे गुप्त असले तरी साऱ्या समाजाचा घात करणारे आहे, त्याची वाच्यता लगेच करणे भाग पडते, मात्र एकांतातील बोधाने ते टळेल अशी खात्री असेल तर गोष्ट वेगळी. इतर सर्व बाबतींत आधी एकांत. याचे त्यांनी दिलेले एक कारण मनुष्यस्वभावाचे मर्म जाणणारे आहे. चांगले नाव हा माणसाला पापापासून अडवणारा बांध असतो. ते एकदा गेले की गमावण्यासारखे काही उरत नाही, आणि माणूस निर्ढावतो. आपल्या पूर्वजांनी हेच 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीत सांगून ठेवले आहे. मूठ आपण उघडली, की तिच्यात काही राखून ठेवण्याचे कारणच त्या माणसाला उरत नाही.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने जो क्रम घालून दिला आहे, तो आपण बहुधा केवळ आध्यात्मिक बाबींसाठी राखून ठेवतो. भावाची चूक झाली तर आधी एकट्याने त्याच्याकडे जावे. त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर न्यावे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे. हा क्रम किती व्यवहारी आहे! शेवटी मंडळीसमोर जाण्याची वेळ येऊ शकते, हे त्यात नाकारलेले नाही. पण मंडळी म्हणजे चव्हाटा नव्हे. आणि पहिल्या दोन पायऱ्या न चढता तिसऱ्या पायरीवर कोणालाही उभे राहता येत नाही.

बँकेकडूनही शिकावे

कोणी म्हणेल, हे धर्माचे झाले. व्यवहारात असे चालत नाही, बँकासुद्धा कर्जबुडव्यांची नावे जाहीर करतात. खरे आहे. पण बँका काय करतात ते नीट पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत साधा थकबाकीदार आणि हेतुपुरस्सर पैसे बुडवणारा थकबाकीदार असा स्पष्ट भेद आहे. २०२४ साली तिने यासंबंधीचे नियम नव्याने एकत्रित केले. त्यांनुसार पंचवीस लाख आणि त्याहून मोठ्या रकमांच्या बाबतीत कोणावर हा दुसरा शिक्का मारण्यापूर्वी त्याला नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि समितीने कारणे देऊन निर्णय करावा लागतो. 'जमत नाही' आणि 'द्यायचे नाही' यांतील फरक दगडी काळजाची समजली जाणारी बँकही करते. मग एकाच छताखाली राहणाऱ्या शेजाऱ्यांनी तो का करू नये?

दुसऱ्याचे ऐकून घेतल्यावाचून निवाडा करू नये, हे तत्त्व कायद्याचे आहे तसे पवित्र शास्त्राचेही आहे. १७२३ साली इंग्लंडमधील एका प्रसिद्ध खटल्यात न्यायालयाने याच तत्त्वासाठी एदेन बागेचा दाखला दिला होता. परमेश्वर सर्वज्ञ, आदामाने काय केले हे त्याला ठाऊकच होते. तरीसुद्धा त्याने शिक्षा सुनावण्याआधी आदामाला हाक मारली आणि विचारले. सर्वज्ञाला जे आवश्यक वाटले, ते आपल्या समितीला अनावश्यक वाटावे काय?

कायद्याने संस्थेला असहायही सोडलेले नाही. २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर एकवीस टक्क्यांपर्यंत सरळव्याज आकारण्याची मुभा दिली गेली. सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करून वसुलीचा दाखला मिळवता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले, त्यातही ही तरतूद आहे. या मार्गाला वेळ लागतो, पण त्यात समोरच्याला बोलता येते. ज्याला द्यायचेच नाही त्याच्यासाठी हाच मार्ग. त्याऐवजी कोणाचे पाणी तोडणे हा मात्र वसुलीचा मार्ग नव्हे. तहानलेल्याला पाणी न देणे याविषयी प्रभू शेवटच्या दिवशी काय विचारणार आहे, ते आपल्याला मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावरून ठाऊक आहे.

जिन्याखालून खिशात

पूर्वी फलक निदान जिन्याखाली होता. तो वाचायला तेथवर जावे लागे. आता तो प्रत्येकाच्या खिशात आला आहे. इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर यादी टाकायला एक क्षण पुरतो आणि ती कोठवर जाईल, हे टाकणाऱ्याच्याही हाती राहत नाही. भिंतीवरचा कागद पैसे भरल्यावर काढून टाकता येतो; मोबाइलवरचा कागद कोणाच्या ना कोणाच्या संग्रहात राहतोच. २०२० साली करोनाच्या पहिल्या लाटेत आपण याचा कडू अनुभव घेतला. रुग्णांची नावे आणि सदनिकांचे क्रमांक या समूहांतून फिरले. खोकल्यापेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेची भीती मोठी झाली, आणि त्या भीतीने काहींनी आजार लपवला. ज्या माहितीमुळे माणसे सावध व्हायची, तिच्यामुळेच ती अधिक असुरक्षित झाली. त्याच दिवसांत दारासमोर गुपचूप जेवणाचा डबा ठेवून जाणारे शेजारीही होते. त्यांनाही माहिती तीच होती. तिचा उपयोग मात्र त्यांनी वेगळा केला.

खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमताने सांगितले. पण शेजारधर्माची गोष्ट न्यायालयापर्यंत जाऊ नये, हेच बरे. धर्मग्राम या अर्थाने युरोपीय भाषांत जे शब्द रूढ आहेत, ते 'पारोइकिया' या ग्रीक शब्दापासून आले. परक्या मुलखात वस्ती करून राहणे असा त्याचा अर्थ. आणि ज्या शब्दापासून तो बनला, त्याच्या पोटी शेजारी राहणारा, उपरा, असा अर्थ आहे. म्हणजे धर्मग्राम ही कल्पनाच मुळी शेजाराची आहे. वाडी सोडून आपण फ्लॅटमध्ये आलो, म्हणून तिचा अर्थ बदलत नाही. वाडीत विहीर सामाईक होती, येथे टाकी सामाईक आहे; तेथे बांधावरून बोलणे होई, येथे लिफ्टमध्ये होते, किंवा होत नाही.

मग करावे काय?

गावातल्या किराणा दुकानदाराची आठवण येथे उपयोगी पडेल. त्याच्या गल्ल्यावर एक पाटी असे : आज रोख, उद्या उधार. तिच्यावर कोणाचेही नाव नसे. ती सर्वांसाठी होती. नावे असत ती गल्ल्याखालच्या लाल वहीत, आणि ती वही तो दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर उघडत नसे. फलकावर नियम, वहीत नाव. त्या अल्पशिक्षित दुकानदाराला जे उमगले होते, ते आपल्या इमारतींना पुन्हा शिकता येईल.

फलकावर एकूण रकमा अवश्य लावाव्यात : या तिमाहीत इतके येणे बाकी आहे, त्यामुळे लिफ्टचे काम थांबले आहे, पहारेकऱ्याचा पगार या तारखेला दिला गेला. ही माहिती सर्वांची आहे, ती लपवणे हाही दोष. नावे मात्र हिशेबाच्या वहीत आणि सभासदांच्या सभेपुढे असावीत, कारण सभासद हे सहमालक आहेत आणि त्यांना विचारण्याचा अधिकार आहे. सभेपर्यंत जाण्यापूर्वी दोन पायऱ्या चढाव्यात. तीन महिने पैसे आले नाहीत, की आधी एकाने जावे. शक्य तर खजिनदाराने नव्हे, तर ज्याच्याशी त्या घराचे बोलणे आहे अशा शेजाऱ्याने. मागणीपत्र हातात घेऊन जाऊ नये; चहा घ्यायला जावे. कारण कळेल. नंतर समितीतील दोघांनी जाऊन हप्ते बांधून द्यावेत आणि ते लेखी असावेत. छत गळत असेल तर आधी छत पाहावे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या आपल्या परिपत्रकात जे तत्त्व सांगितले, की जे लहान समूहाला साधते ते मोठ्याने आपल्या हाती घेऊ नये, त्याचा जिन्यापुरता अर्थ हाच आहे : जे एका मजल्यावर मिटते ते समितीपर्यंत, आणि जे समितीत मिटते ते निबंधकापर्यंत नेऊ नये.

ज्याला खरोखरच जमत नाही त्याच्यासाठी आपल्या धर्मग्रामांत एक जुनी रीत आहे. फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटीचे सभासद दोघे-दोघे मिळून गरजूंच्या घरी जातात आणि काय पाहिले त्याचा बोभाटा करीत नाहीत. इमारतीतील दोन-चार कुटुंबांना हेच करता येईल, मग ती कोणत्याही धर्माची असोत. कोणी कोणासाठी किती भरले, हे वहीलाच ठाऊक असावे.

आणि ज्याच्यापाशी आहे पण द्यायचे नाही, त्याच्यासाठी नोटीस, सुनावणी आणि वसुलीचा दाखला. त्यात संकोचाचे कारण नाही. दया म्हणजे ढिलेपणा नव्हे; त्याच्या ढिलेपणाचे पैसे कोण भरते, ते वर आले आहे.

पूर्वी आपल्या देशात धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे. ती प्रथा क्रूर होती, यात शंका नाही. पण धरणे धरणारा स्वतःही उपाशी राही, उन्हात बसे आणि ऋणकोच्या डोळ्याला डोळा देत असे. फलकावर नाव लावणाऱ्याला यांतले काहीच करावे लागत नाही. टाचणी टोचली की काम झाले. आपण मागायला प्रत्यक्ष जाऊ शकत नसू, तर टांगायलाही आपल्याला अधिकार नाही, एवढा एकच नियम प्रत्येक समितीने आपल्या पहिल्या बैठकीत स्वतःसाठी लिहून ठेवावा. तो मात्र खुशाल फलकावर लावावा.